रोड बाइकचं हँडल आणि स्टेम बदलायचाय: ३८ की ४०? ८० की ९०?

पहाटफेरी (पुणे), शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सातारा रस्त्यावर शिरवळच्या अलीकडे खडीवरून पुढचं चाक घसरलं आणि उजव्या अंगावर पडले. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण हँडल उजवीकडून आत वाकलंय. ब्रेकचा लिव्हर फिरवून सरळ केला, तरी दोन्ही टोकांत बोटभर फरक दिसतो. दुकानात नेली तर म्हणाले, "ताई, आत पाइप घालून सरळ करून देतो, नवीन कशाला?" माझं मन घेईना. सायकल तशीच घरी आणली.

हँडल बदलायचंच असेल तर एक जुनं दुखणंही याच खर्चात निघालं तर बघायचंय. जानेवारीत पहिली २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करायची राइड) केली. साडेतेरा तासांच्या आत पोचले, पण शेवटच्या साठेक किलोमीटरमध्ये दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. घरी आल्यावर कुलपात किल्ली घातली, पण ती फिरवता येईना. शेजारच्या काकूंनी दार उघडून दिलं. बोटं ताळ्यावर यायला दोन दिवस लागले. आता ३०० ची करायची आहे आणि त्याची धास्ती बसली आहे.

माझी उंची १५८ सेंमी. सायकल ॲल्युमिनियमची, फोर्क कार्बनचा पण त्याची वरची नळी ॲल्युमिनियमची. आठ स्पीडचे क्लॅरिस गिअर, रिम ब्रेक. सायकलसोबत आलेलं हँडल ४२ सेंमी रुंद. स्टेम (हँडल फोर्कच्या नळीला जोडणारा तुकडा) १०० मिमी, त्यावर ६ अंश लिहिलंय आणि तो खाली झुकेल असा बसवलाय. माझ्या डोक्यात ३८ किंवा ४० चं हँडल आणि ८० किंवा ९० चा स्टेम आहे. कुठलं घेऊ?


पान्हा_दहा (सांगली), शनिवार, रात्री ९.४५

ताई, ते हँडल सरळ करू देऊ नका. आधी हे, मग बाकीचं.

लोखंडाची सळई वाकवून सरळ करता येते म्हणून लोकांना वाटतं ॲल्युमिनियमचंही तसंच असेल. ॲल्युमिनियम एकदा वाकलं की तिथे कमजोर झालं. परत उलटं वाकवलं की तडा जायला सुरुवात होते, आणि ती हँडलच्या टेपखाली, तुम्हाला न दिसता. हँडल तुटतं तेव्हा आधी सांगून तुटत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षी एक जण नुसती टेप बदलायला आला होता. टेप काढली तर लिव्हरच्या पट्टीच्या कडेला केसाएवढी रेघ. मला वाटलं ओरखडा आहे. फडक्याने पुसून नख फिरवलं तर नख अडकलं. हँडल काढून हाताने जरा जोर दिला आणि रेघ उघडली, जवळपास अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. तो माणूस त्याच हँडलवर आदल्या दिवशी घाट उतरून आला होता.

स्टेमही नीट बघा. पडताना धक्का तिकडेच जातो. पुढची पट्टी काढून आतल्या बाजूला ओरखडा, तडा काही आहे का ते उजेडात तपासा. फोर्कच्या नळीवरून आणि फोर्कच्या पायांवरूनही बोट फिरवा.


रेवदंडा (अलिबाग), शनिवार, रात्री १०.२०

पान्हादादांशी शंभर टक्के सहमत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर न पडताही वर्षातून एकदा टेप उघडावी. घाम टेपमध्ये मुरतो आणि इथल्या खाऱ्या हवेत वाळत नाही. माझ्या हँडलवर टेपखाली पांढरी भुकटी साचली होती. पुसली तर खाली खड्डे पडलेले. तेव्हापासून पावसाळा संपला की टेप नवीन, हा नेम.


वेगवान_४२ (पुणे), रविवार, सकाळी ६.३०

३६ घ्या. सगळे आता अरुंद हँडलवर गेलेत. वारा कमी लागतो, फरक लगेच कळतो. आणि स्टेम १०० चाच राहू द्या, ८० वर सायकल थरथरते.


सह्यवाट (नाशिक), रविवार, सकाळी ८.०५

वेगवान, शर्यतीसाठी तुझं म्हणणं ठीक. पण तिथेही आता मर्यादा आली आहे. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०२६ पासून रस्त्यावरच्या शर्यतींसाठी हँडलची किमान रुंदी ४०० मिमी ठरवली आहे, तीही बाहेरून बाहेरपर्यंत मोजून. ताईंना ३०० किमी बसायचंय, रात्रीचे तास धरून. त्यांचा हिशोब वेगळा.

या 'बाहेरून बाहेर'वरून आठवलं. रुंदी मोजायच्या दोन पद्धती आहेत. बहुतेक कंपन्या टोकाच्या नळीच्या मध्यापासून दुसऱ्या नळीच्या मध्यापर्यंत मोजतात. देदासारख्या काही इटालियन कंपन्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. नळी साधारण २४ मिमीची, म्हणजे एकाचं ४२ ते दुसऱ्याचं ४० च्या आसपास. दोन्हींवर नुसतं '४२' छापलेलं असतं. मागवण्याआधी आकृती बघा.

आता मुख्य गोष्ट. पहाटफेरी, तुम्ही स्टेमची लांबी विचारताय आणि हँडलची रुंदी विचारताय, पण तिसरा आकडा कुठेच आला नाही: हँडलचा रीच. तुमचे हात दिवसभर हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठीवर असतात. स्टेम जिथे संपतो तिथून हँडल पुढे किती जातं त्यावर हूड किती लांब हे ठरतं. जुन्या गोल आकाराच्या हँडलचा रीच ८५ ते १०० असू शकतो. कॉम्पॅक्ट, म्हणजे लहान वाकणाच्या हँडलचा ७० ते ८५. म्हणजे स्टेमला हात न लावता नुसत्या हँडलने हूड दीड-दोन सेंटिमीटर जवळ येऊ शकतात. दोन्ही एकदम बदललंत तर तीन-साडेतीन सेंटिमीटर जवळ याल आणि मग कशाने बरं वाटलं, कशाने बिघडलं, काही कळणार नाही.

तेव्हा काहीही उघडण्याआधी मोजून लिहून ठेवा. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत. सीटच्या टोकापासून उजव्या-डाव्या हूडच्या खळग्यापर्यंत (डाव्याचंच माप धरा, उजवा वाकलाय). जमिनीपासून सीट आणि जमिनीपासून हँडलचा वरचा भाग. आणि हँडलचा रीच: वरच्या आडव्या नळीच्या मध्यापासून वाकणाच्या सर्वांत पुढच्या जागेच्या मध्यापर्यंत, आडव्या रेषेत.


पहाटफेरी, रविवार, दुपारी १.१५

सह्यवाट, खूप आभार. रीच हा शब्द मी फ्रेमच्या बाबतीत ऐकला होता, हँडललाही असतो हे माहीत नव्हतं. आत्ताच मोजलं, ८५ येतोय. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत ४९.५ सेंमी. हँडल सीटपेक्षा ४ सेंमी खाली.

रुंदीसाठी खांदे कुठून कुठे मोजायचे?


हातपायजोड (ठाणे), रविवार, दुपारी ३.४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शनिवार-रविवार सायकल चालवते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

खांद्याच्या वर दोन्हीकडे एक-एक हाडाचं टोक हाताला लागतं, जिथे बाहीची शिवण येते साधारण तिथे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा, स्वतःचं स्वतः नीट मोजता येत नाही. हँडलची मध्य-ते-मध्य रुंदी त्याच्या आसपास. लहान चणीच्या बायकांच्या सायकलवर ४२ चं हँडल सर्रास येतं, आणि मग हात फाकून, कोपर ताठ ठेवून चालवलं जातं. रस्त्याचा प्रत्येक धक्का कोपरात न जिरता थेट मनगटात आणि मानेत जातो.

तुमची करंगळी आणि अनामिका, हे फार महत्त्वाचं वर्णन आहे. या दोन बोटांची नस, अल्नर, तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून, मनगटाजवळच्या अरुंद जागेतून जाते. हूडवर नेमका तिथेच भार येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालं असतं तर दुसऱ्या नसेचा विचार केला असता. किल्ली फिरवता आली नाही म्हणजे नुसत्या मुंग्या नव्हत्या, स्नायूंची ताकदही कमी झाली होती. पुन्हा तसं झालं आणि आठवड्याभरात उतरलं नाही तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. यात रेटून नेऊ नका.

आणि एक विचारते. तुमची सीट सपाट आहे का? टोक खाली झुकलेलं आहे?


पहाटफेरी, रविवार, रात्री ८.३०

बहिणीने मोजलं, साडेपस्तीस सेंमी.

सीटचं टोक थोडं खाली केलंय. सुरुवातीला बसायला दुखायचं म्हणून ग्रुपमधल्या एका दादांनी करून दिलं होतं.


हातपायजोड, रविवार, रात्री ८.५०

तिथूनच सुरुवात करा. टोक खाली असलं की शरीर सारखं पुढे घसरतं आणि ते घसरणं तुम्ही हातांनी थोपवता. सहा-सात तास. हँडल कुठलंही आणलंत तरी हा भार हातांवरच राहील. गवंडी वापरतात ती पाणसळ सीटवर ठेवून बघा. सपाट करून पन्नासेक किलोमीटर फिरा.

मात्र हात लांब पडतात म्हणून सीट पुढे सरकवू नका. सीट पुढे-मागे करणं पायांसाठी, गुडघ्यासाठी. हातांचा प्रश्न स्टेम-हँडलने सोडवायचा.


सह्यवाट, रविवार, रात्री १०.००

साडेपस्तीसला ३६ किंवा ३८. मी ३८ म्हणेन. ब्रेव्हेला हँडलवर दिवा लागतो, पुढे पिशवी लागते, त्या पिशवीला दोन्ही केबलच्या मधे जागा लागते. ४२ वरून एकदम ३६ वर उतरताना सुरुवातीला हँडल फार चपळ वाटतं.

स्टेमबद्दल. नवीन घेण्याआधी आहे तोच उलटा करून बघा. तुमचा ६ अंशांचा आहे. हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून फोर्क वर येतो) ७३ अंशांवर असते असं धरू. नळीच मागे झुकलेली असल्यामुळे तिला काटकोनात असलेला शून्य अंशांचा स्टेमसुद्धा १७ अंश वर बघतो. तुमचा खाली झुकवलेला ६ अंशांचा म्हणजे प्रत्यक्षात जमिनीपासून ११ अंश वर, आणि उलटा केला की २३ अंश वर. १०० मिमीच्या स्टेमला याचा अर्थ: हँडल २० मिमी वर येतं आणि ६ मिमी जवळ येतं. फुकटात.

नवं हँडल ७० ते ७५ रीचचं घेतलंत तर हूड आणखी १० ते १५ मिमी जवळ. एकूण दोन सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या अनुभवात दोन सेंटिमीटर म्हणजे दुसरी सायकल वाटावी इतका फरक आहे. ८० चा विचार तूर्त सोडा.


वेगवान_४२, सोमवार, सकाळी ६.१५

उलटा केलेला स्टेम दिसायला वाईट दिसतो.


सह्यवाट, सोमवार, सकाळी ७.००

१९० किलोमीटरला रात्री अकरा वाजता कुणी बघत नाही. आणि आखडलेले हात घेऊन ब्रेक दाबणं धोक्याचं आहे, ते दिसण्यापेक्षा मोठं.

थरथरण्याबद्दल तू म्हणालास त्यात तथ्य आहे, पण ९० किंवा ८० ला घाबरायचं कारण नाही. छोट्या फ्रेमवर ८०-९० चे स्टेम कारखान्यातूनच येतात. ७० च्या खाली जावं लागत असेल तर मात्र फ्रेमच मोठी घेतली गेली आहे असं समजावं.


निळीसायकल (उट्रेख्त, नेदरलँड्स), सोमवार, दुपारी २.२०

मधेच विचारतो. माझ्याकडे इथे घेतलेली जुनी स्टीलची रोड बाइक आहे, सातआकडी स्टेमवाली, जो नळीच्या आत घुसतो. हँडल बदलायचंय. ३१.८ मिमी जाडीचं बसेल का?


पान्हा_दहा, सोमवार, रात्री ९.३०

थेट नाही बसणार. जुन्या रोड बाइकच्या स्टेमचा क्लॅम्प (हँडल धरणारी पकड) बहुधा २६.० किंवा २५.४ चा असतो. चिनेल्ली कंपनीचे जुने २६.४ चेही आहेत. कॅलिपरने मोजा, अंदाजाने घेऊ नका. मोठ्या स्टेममध्ये छोटं हँडल पट्टी घालून बसवता येतं, छोट्या स्टेममध्ये मोठं हँडल बसत नाही, आणि बळजबरी करू नये.

आत घुसणारी दांडी सहसा २२.२ मिमीची. सायकल जुनी फ्रेंच असेल तर २२.० निघेल, मग २२.२ चा स्टेम आत जाणार नाही. ३१.८ च हवं असेल तर २२.२ ची दांडी असलेला अडॅप्टर मिळतो, त्याच्यावर आताचा २८.६ चा स्टेम बसतो. कुठलाही घ्या, दांडीवर 'इथपर्यंत आत हवीच' अशी रेघ असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये.

ताई, तुमच्या सायकलला हँडलकडे ३१.८ आणि फोर्कच्या नळीकडे २८.६ असणार, आता सगळीकडे तेच आहे. तरी स्टेमवर छापलंय का बघून घ्या. आणि रोडचं हँडलच घ्या. सरळ हँडलची नळी टोकाला २२.२ असते आणि रोडची २३.८. तुमचे शिफ्टर २३.८ साठी आहेत.


निळीसायकल, सोमवार, संध्याकाळी ६.३० (इथली वेळ)

मोजलं. २६.० आणि २२.२. अडॅप्टर न घेता २६.० चंच जुन्या धाटणीचं हँडल शोधतो. आभार दादा.


पहाटफेरी, गुरुवार, रात्री ९.५५

सीट पाणसळीने सपाट केली. बुडबुडा पार कडेला गेला होता, इतकी झुकलेली असेल असं वाटलं नव्हतं. सायकल बंद असल्याने बहिणीच्या सायकलवरच प्रयोग केला, तिची सीटही तशीच होती. ती म्हणते, तळहातांवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

हँडल मागवलं: ३८, मध्य ते मध्य, रीच ७३, ड्रॉप (खालच्या वाकणाची खोली) १२८, ॲल्युमिनियम. रिची कंपनीचं कर्व्ह. कार्बनचं बघितलं होतं, पण पडले तर आतून काय झालं ते कळणार नाही म्हणून सोडलं. भीतीपोटी ९० चा स्टेमही सोबत मागवला, पण सह्यवाट म्हणतात तसं आधी जुनाच उलटा करून बघणार. त्याला तडा वगैरे नाही, पान्हादादांनी सांगितलं तसं नख फिरवून पाहिलं.

रविवारी घरीच बसवणार आहे. काय सांभाळू?


पान्हा_दहा, शुक्रवार, रात्री ८.४०

ॲलन कीचा संच आणि टॉर्क रेंच. रेंच नसेल तर ग्रुपमध्ये कुणाकडून तरी आणा.

स्टेम फोर्कच्या नळीवर आवळणाऱ्या दोन आडव्या बोल्टांना ढिलं केल्याशिवाय वरच्या टोपीच्या बोल्टला हात लावू नका. आणि वरची टोपी स्टेम धरून ठेवत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. ती फक्त हेडसेटच्या (फोर्क जिथे फिरतो त्या सांध्याच्या) बेअरिंगमधली ढील काढते. स्टेम धरून ठेवतात ते आडवे बोल्ट. स्टेम उलटा करून घातला की त्याच्या वरच्या कडेपासून फोर्कची नळी दोन-तीन मिमी खाली दिसली पाहिजे, नाहीतर टोपी नळीवरच टेकेल आणि ढील निघणार नाही. टोपी हलक्या हाताने आवळा. पुढचा ब्रेक दाबून धरा, एक बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवा, सायकल पुढे-मागे हलवा. बोटाला टकटक लागली तर पाव फेरा आणखी. हँडल वळायला जड झालं तर जास्त झालं, मागे घ्या. मग चाक आणि स्टेम एका रेषेत आणून आडवे बोल्ट आलटून पालटून आवळा.

हँडलच्या पट्टीचे चार बोल्ट चौफुलीसारखे, समोरासमोरचे, थोडे थोडे. पट्टीच्या वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. किती आवळायचं ते स्टेमवर छापलेलं असतं, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर. छापलंय त्याच्या वर जाऊ नका. हातात फार ताकद असलेलेच हे बोल्ट तोडतात.

शेवटी टेप. पण टेप लगेच गुंडाळू नका. लिव्हर बसवा, केबल चिकटपट्टीने बांधा आणि पाच-दहा किलोमीटर फिरून या. लिव्हर वर-खाली करायचा असेल तर तेव्हाच होतो. हँडल वर आलं की केबल ताणल्या जातात. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा, गिअर आपोआप बदलला किंवा ब्रेक ओढला गेला तर आवरणासकट केबल नवीन टाका. तुमच्या केबल जुन्या असतील तर तशाही टाकाच.

टोकाची बुचं विसरू नका. उघडी नळी पडताना पोटात घुसते.


रेवदंडा, शुक्रवार, रात्री ९.०५

टेप खालच्या टोकापासून वर गुंडाळा, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर. वरून खाली गुंडाळली की हाताच्या घासण्याने कडा सुटतात.


पहाटफेरी, तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७.२०

उशिरा लिहिते आहे, पण दोन लांबच्या राइड झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

जुनी टेप काढली तेव्हा उजव्या लिव्हरखाली हँडलवर चपटा डाग होता, वाकलेल्या जागी रंग सुरकुतलेला. सरळ करून घेतलं असतं तर तो आयुष्यभर टेपखाली राहिला असता. ते हँडल मी करवतीने मधून कापून भंगारात दिलं, कुणी उचलून परत लावू नये म्हणून.

बसवायला चार तास लागले. मागच्या गिअरची केबल तोकडी पडली, ती बदलली. लिव्हर मी आधी फार वर बसवले होते, मनगट मागे मोडत होतं. टेप न लावता फिरायचा सल्ला किती मोलाचा होता ते तेव्हा कळलं. दोनदा उतरून खाली केले.

पहिली राइड वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी आणि परत. खाली येताना पहिल्यांदाच ड्रॉपमध्ये, म्हणजे खालच्या वाकणात हात ठेवून आख्खा घाट उतरले. पूर्वी तिथून ब्रेकपर्यंत बोटं पोचायची, पण धरून राहवायचं नाही. दुसरी काल, १२० किलोमीटर. उजवा हात पूर्ण ठीक. डाव्या करंगळीला नव्वदच्या पुढे किंचित मुंग्या आल्या, थांबून हात झटकले की गेल्या. घरी येऊन कुलूप मीच उघडलं.


हातपायजोड, रविवार, रात्री ८.००

वाचून फार बरं वाटलं. डाव्याकडे लक्ष ठेवा. डावा लिव्हर उजव्यापेक्षा किंचित आत किंवा वर वळलेला नाही ना, समोरून फोटो काढून बघा. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पकड बदला, हूड, वरची आडवी नळी, ड्रॉप, असं फिरत राहा.


सह्यवाट, रविवार, रात्री ९.१०

उत्तम. टायर २५ मिमीचे असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी २८ घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. तळहाताला त्याचा आराम महागड्या कार्बन हँडलपेक्षा जास्त मिळतो, हे मी दोन्ही वापरून सांगतो.


पहाटफेरी, रविवार, रात्री ९.४०

फोटो काढला. डावा खरंच आत वळलेला आहे, तीन-चार मिलिमीटर. उद्या टेप सोडवून नीट करते. टायरचंही बघते.

९० चा स्टेम खोक्यातच आहे, लागलाच नाही. ३१.८ आणि २८.६, ६ अंश, काळा. कुणाला उपयोगी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


रेवदंडा, रविवार, रात्री ९.५५

मला हवा आहे बहुतेक. माझा ११० चा आहे आणि हात लांब पडतात. पण आधी हँडलचा रीच मोजतो, मग कळवतो.


पहाटफेरी, रविवार, रात्री १०.०२

सावकाश मोजा. ठेवून देते.